आजच्यापुरती भाकर

मेसची डाळ पातळ, नळाला पाणी नाही आणि सबमिशनच्या दिवशीच प्रिंटर बंद! अशा वेळी मी "देव काळजी घेतो" म्हटलं की रूममेट हसतात. "मग सांग ना त्याला, पाणी सोडायला!"

मी ख्रिस्ती. पण या विश्वासाचा अर्थ मला प्रवचनांपेक्षा लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ने जास्त समजावला. लक्ष्मीबाई आपल्या नाशिकजवळच्याच, जलालपूरच्या. जन्म 1868 चा. 1895 मध्ये पती, कवी ना. वा. टिळक ख्रिस्ती झाले आणि संसार दुभंगला. सुमारे पाच वर्षांनी लक्ष्मीबाईंनीही, स्वतः विचार करून, बाप्तिस्मा घेतला. म्हणून कटकटी संपल्या का? छे! टिळकांचा राग तोच, उदार हातही तोच. घरात पैसा टिकायचा नाही. बाई चिडतात, भांडतात आणि हसून पुन्हा कामाला लागतात. 1919 मध्ये टिळक गेले, तेव्हा त्यांचं अपुरं 'ख्रिस्तायन' बाईंनीच पुढे नेलं.

प्रभूच्या प्रार्थनेत आम्ही भाकर मागतो ती आजच्यापुरती, सबंध सेमिस्टरची नाही. उद्याचं ओझं देवाकडे ठेवलं की आजच्या कामाला हात मोकळे राहतात. एम-थ्रीचा पेपर मलाच सोडवायचा आहे, अभ्यासही मीच करायचा. निकालाच्या भीतीने रात्र जागण्याचं काम मात्र माझं नाही. तेवढं त्याच्यावर सोपवलं की शांत झोप लागते. परीक्षेच्या दिवसांत हे काही थोडं नाही!