उपाशी देह आणि घाईचें अन्न

आपल्या घरांत आजारी माणसाविषयींचें प्रेम बहुधा स्वयंपाकघराच्या वाटेनें प्रकट होतें. कोणी अंथरुणास खिळलें कीं भेटीस येणारा पहिला प्रश्न विचारतो तो ‘ताप किती आहे?’ हा नव्हे, तर ‘पोटांत कांहीं गेलें का?’ हा. मग कोणी मऊ भात व मेतकूट घेऊन येतें, कोणी साजूक तुपांतला शिरा, तर कोणी शहाळ्याचें पाणी. रोग्यानें दोन घांस अधिक खाल्ले कीं घरांतील वडील मंडळींचे चेहरे खुलतात, आणि त्यानें ताट दूर सारलें कीं साऱ्या घरावर मळभ येतें. ही रीत वाईट आहे असें कोण म्हणेल? अन्नानेंच देह उभा राहतो. परंतु देहाची एक अवस्था अशी आहे कीं, तींत घाईनें दिलेलें अन्नच घात करूं शकतें. ही गोष्ट ज्यांस प्रथम ऐकण्यांत येते त्यांस ती खरी वाटत नाहीं. आमच्या घरांतही वाटली नाहीं. म्हणून त्या अवस्थेची थोडी ओळख वाचकांस करून द्यावी, असें आम्हांस वाटलें.

इंग्रजी वैद्यकांत हिला ‘रिफीडिंग सिंड्रोम’ असें नांव आहे. आम्ही सोयीसाठीं तिला ‘पुनराहारविकार’ म्हणूं. पुष्कळ दिवस उपासमार झालेल्या देहांत एकाएकीं भरपूर अन्न, विशेषतः साखर व पिष्ट पदार्थ, गेले म्हणजे जी उलथापालथ होते ती ही. सर्वसाधारण आजाऱ्यास ही भीति नसते. पण अतिदक्षता विभागांत पोंचलेल्या, आधींच खंगलेल्या माणसास ती असते. तेथील वैद्य व परिचारिका ज्या अनेक अवघड गोष्टींवर डोळा ठेवून असतात, त्यांत ही एक.

आमच्या आत्याबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या. गेल्या मार्गशीर्षांत त्यांना न्यूमोनिया झाला व श्वास लागूं लागला, तेव्हां त्यांना शहरांतील मोठ्या इस्पितळांत न्यावें लागलें. तपासाअंतीं कळलें कीं, अन्ननलिकेच्या खालच्या तोंडाचा स्नायु सैल पडेनासा झाल्यामुळें खाल्लेलें अन्न वरच्या वर तुंबून राहत होतें, आणि रात्रीं निजल्यावर त्यांतील कांहीं अंश श्वासनलिकेंत उतरत होता. फुफ्फुसाच्या दुखण्याचें मूळ तेंच होतें. ज्या डॉक्टरीणबाई त्यांना पाहत होत्या त्यांनीं आम्हां सर्वांस बाहेर बोलावून एकच प्रश्न विचारला: “यांचें जेवण किती दिवसांपासून कमी झालें आहे?”

येथें एकत्र कुटुंबाची एक गंमत, आणि तिच्यांतील धोकाही, दृष्टीस पडला. थोरल्या सूनबाई म्हणाल्या, आठ दिवस. धाकट्या म्हणाल्या, पंधरा दिवस. आत्याबाई कधीं या पंक्तीस बसत, कधीं त्या पंक्तीस. एकीस वाटे दुसरीकडे जेवल्या असतील, दुसरीस वाटे पहिलीकडे. वर सोंवळ्याओंवळ्याचें, उपासतापासाचें निमित्त होतेंच. शेवटीं पुतण्याची नऊ वर्षांची मुलगी बोलली, “आजी गणपतीपासून पोळी खातच नाही. गाईला घालते. ताक तेवढं पिते.” गणपतीपासून म्हणजे तीन महिने झाले! इस्पितळांत वजन केलें तें छत्तीस किलो भरलें. भाद्रपदापूर्वीं घरच्या नोंदींत तें अठ्ठेचाळीस होतें. म्हणजे देहाचा चौथा हिस्सा गेला होता. डॉक्टरीणबाईंनीं त्या मुलीच्या पाठीवर थाप मारली व म्हणाल्या, “सगळ्या तपासण्यांपेक्षां हिनें मला जास्त सांगितलें.”

त्यानंतर दुर्बिणीच्या साह्यानें नाकांतून जठरापर्यंत एक बारीक नळी बसविण्यांत आली व तींतून पातळ आहार सुरू झाला. पण किती? तर दिवसाकांठीं अवघे तीनशें साठ उष्मांक, म्हणजे जेमतेम तीन-चार पोळ्यांइतका. आणि तोही सुरू करण्यापूर्वीं ब१ जीवनसत्त्वाचें टोंचण. हें कळतांच घरांत एकच गदारोळ उडाला. आमचे धाकटे बंधु सरळ स्वभावाचे, ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले, “डॉक्टर, आमच्या घरीं अन्नाला तोटा नाहीं. मग आत्याला तुम्ही उपाशी कां ठेवतां?” त्यांनीं शांतपणें उत्तर दिलें, “काका, मी त्यांना उपाशी ठेवीत नाहीं. त्यांच्या देहाला अन्न घेण्याची पुन्हां संवय लावीत आहें.”

हें उत्तर आम्हांस मागाहून नीट उमगलें. उपासमारींत देह आपला सारा कारभार आवरता घेतो. बाहेरून साखर मिळत नाहीं, तेव्हां तो अंगच्या चरबीवर व स्नायूंवर गुजराण करतो. या काळांत पेशींच्या आंतील स्फुरद, पालाश व मॅग्नेशियम हे क्षार हळूहळू झिजत जातात. मौज अशी कीं, रक्तांतील त्यांचें प्रमाण मात्र बरेच दिवस ठीक दिसतें. घराबाहेरची ओसरी सारवलेली असावी आणि माजघर रिकामें असावें, तसें. अशा वेळीं एकदम पिष्टान्न आंत गेलें कीं स्वादुपिंड इन्शुलिन सोडतें. इन्शुलिनच्या हुकुमानें पेशी साखर आंत ओढूं लागतात आणि तिच्याबरोबर स्फुरद, पालाश व मॅग्नेशियमही ओढतात. मग रक्तांतील हे क्षार कांहीं तासांत वा दिवसांत झपाट्यानें उतरतात.

स्फुरद उतरला तर एवढें काय बिघडतें? देहांत शक्तीचें जें चलनी नाणें आहे, त्याची धातु स्फुरद होय. बाजारांत धान्याच्या राशी येऊन पडल्या, पण टांकसाळींत नाणीं पाडण्यास चांदीच उरली नाहीं, तर व्यवहार जसा ठप्प होईल, तसें येथें होतें. हृदयाचा स्नायु थकतो, श्वासाचे स्नायु दुबळे पडतात, तांबड्या पेशी प्राणवायु सहजपणें सोडीत नाहींत. पालाश व मॅग्नेशियम घटल्यानें नाडी वेडीवांकडी चालते. इन्शुलिनमुळें मीठपाणी अंगांत सांठून पायांवर सूज येते. आणि साखर पचविण्यास लागणारें ब१ जीवनसत्त्व देहांत फार तर दोन-तीन आठवड्यांचेंच सांठवलेलें असल्यामुळें, तें आधीं न देतां साखर दिली तर मेंदूलाही अपाय होऊं शकतो. गांवोगांवीं ‘अशक्तपणा आला, साखरेची बाटली लावा’ असा जो आग्रह धरला जातो, तो अशा रोग्याच्या बाबतींत किती घातक, हें यावरून ध्यानांत येईल.

आत्याबाईंच्या बाबतींत एवढी काळजी घेऊनही तिसऱ्या दिवशीं तेंच संकट पुढें ठाकलें. रक्तांतील स्फुरदाचें प्रमाण शंभर मिलिलिटरांत अडीच ते साडेचार मिलिग्रॅम असावें, तें १.१ वर आलें. नाडी चुकूं लागली, श्वास पुन्हां जड झाला, पावलें सुजलीं. घरच्यांचें मत असें पडलें कीं, खाणें कमी दिल्यानेंच ही दशा आली. बंधूंनीं तर त्यांना दुसऱ्या इस्पितळांत हलविण्याची भाषा काढली. आणि नेमक्या त्याच वेळीं डॉक्टरीणबाईंनीं आहार आणखी निम्म्यावर आणला! शिरेंतून स्फुरद व इतर क्षार सुरू केले, दर कांहीं तासांनीं रक्त तपासलें, हृदयाच्या आलेखावर रात्रभर नजर ठेवली. ती रात्र आम्हीं बाहेरच्या बांकावर काढली. रोगी कृश दिसतो आहे, डबा जवळ आहे, आणि वैद्य म्हणतो ‘आणखी कमी द्या’. अशा वेळीं विश्वास ठेवणें हें औषधापेक्षां कठिण असतें. दोन दिवसांनीं क्षार जागेवर आले, नाडी सरळ झाली, आणि मग आहार एकेक पायरीनें वाढवीत आठवड्याभरांत पुरेसा करण्यांत आला. पुढें फुग्याच्या साह्यानें अन्ननलिकेचें तोंड रुंद केल्यावर त्या तोंडानें जेवूं लागल्या.

हा विकार नवा मात्र नाहीं. इ. स. ७० मध्यें रोमन सैन्यानें जेरुसलेमला वेढा दिला, तेव्हां भुकेलेले लोक शहरांतून निसटून अधाशीपणें जेवले व त्यामुळें मेले, असें जोसेफस या इतिहासकारानें लिहून ठेवलें आहे. १५ एप्रिल १९४५ रोजीं ब्रिटिश सैन्यानें जर्मनींतील बेर्गेन-बेल्झेनची छळछावणी मुक्त केली. तेथील हाडांच्या सांपळ्यांना सैनिकांनीं कळवळून आपल्याजवळचे डबाबंद मांसाचे पदार्थ दिले, आणि तें अन्न अनेकांस सोसलें नाहीं. मुक्ततेनंतर त्या छावणींत सुमारें १३ हजार माणसें दगावलीं. टायफसची साथ व आधींची उपासमार हीं तेथें मुख्य कारणें होतीं. तरी दयेनें दिलेल्या अन्नाचाही त्यांत वांटा होता. मागाहून तेथें जें पातळ मिश्रण वांटण्यांत आलें त्याचें नांव होतें ‘बंगाल फॅमिन मिक्श्चर’. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळांत योजलेलें तें दुधाची भुकटी, पीठ व साखर यांचें मिश्रण युरोपांतील रोग्यांना फार गोड वाटून पुष्कळांनीं तें नाकारलें. आपल्या देशाच्या दुःखांतून निघालेली एक पाककृति अशी सातासमुद्रापार गेली.

त्याच सुमारास, १९४४-४५ सालीं, अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत ॲन्सेल कीज यांनीं ३६ स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटीं ठेवून उपासमारीचा व नंतरच्या आहाराचा बारकाईनें अभ्यास केला. पुढें शिरेंतून पूर्ण आहार देण्याची सोय झाली, तेव्हां हा जुना शत्रु इस्पितळांत शिरला. १९८१ सालीं वाइन्सियर व क्रमडिक या दोघांनीं अशा दोन रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली, ज्यांना उत्साहाच्या भरांत शिरेवाटे भरपूर अन्न दिल्यानें मृत्यु आला. २००६ सालीं इंग्लंडांतील ‘नाइस’ या संस्थेनें नियम घालून दिले कीं, मोठा धोका असलेल्या रोग्यास दर किलो वजनामागें दिवसाला फार तर १० उष्मांकांनीं प्रारंभ करावा, अत्यंत खंगलेल्यास ५ नीं, व चार ते सात दिवसांत तो वाढवावा. आत्याबाईंचे तीनशें साठ उष्मांक या हिशेबांतून आले होते. २०१५ सालीं ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमधील अतिदक्षता विभागांतल्या ३३९ रोग्यांवरील प्रयोग प्रसिद्ध झाला. आहार सुरू होतांच ज्यांचा स्फुरद घसरला, त्यांपैकीं निम्म्यांचा आहार कांहीं दिवस आंखडता घेतला. अतिदक्षता विभागाबाहेर काढलेल्या दिवसांत ठळक फरक पडला नाहीं. पण साठाव्या दिवशीं आंखडता आहार घेणाऱ्यांत शेंकडा ९१ जिवंत होते, तर नेहमींचा आहार घेणाऱ्यांत शेंकडा ७८.

आपल्या आयुर्वेदांत पंचकर्मानंतर संसर्जनक्रम सांगितला आहे: प्रथम पेया, मग विलेपी, मग यूष, व शेवटीं नेहमींचें अन्न. पूर्वजांस स्फुरदाचें गणित ठाऊक होतें, असा दावा आम्ही करणार नाहीं. परंतु रित्या कोठ्याला पायरीपायरीनें अन्न द्यावें हा अनुभव त्यांच्या गांठीं होता, आणि आजीबाईंच्या पेजेंत व मुगाच्या कढणांत तो उतरला होता. तो आपण विसरतों आहों.

तथापि याचा अर्थ असा कोणी करूं नये कीं रोग्यास उपाशी ठेवणें बरें. अन्न न देणें हाही घातच. प्रश्न फक्त पहिल्या कांहीं दिवसांच्या गतीचा व देखरेखीचा आहे. एकादशी करणाऱ्यानें द्वादशीला पारणें फेडतांना घाबरण्याचें कारण नाहीं. भीति कोणास? ज्यानें दहा दिवसांहून अधिक जवळजवळ कांहींच खाल्लें नाहीं, ज्याचें वजन तीन ते सहा महिन्यांत शेंकडा पंधराहून अधिक उतरलें, जो मुळांतच अतिशय कृश आहे, किंवा आहार सुरू होण्यापूर्वींच ज्याच्या रक्तांतील हे क्षार कमी आहेत, त्यास. पांच दिवस अन्न नाहीं आणि त्यावर दारूचें व्यसन असेल, अथवा लघवी वाढविणारीं औषधें, इन्शुलिन वा कर्करोगावरील औषधें चालू असतील, तर त्यासही. अशा माणसास घरीं आग्रहानें खाऊं घालण्यापूर्वीं वैद्यास दाखवावें.

या साऱ्यांत घरच्यांचें काम लहान नाहीं. रक्ताची तपासणी इस्पितळ करील. पण माणूस केव्हांपासून जेवेनासा झाला, हें यंत्र सांगूं शकत नाहीं. तें पंक्तींत बसणाऱ्यांनींच पाहिलें पाहिजे. घरांतील वडीलधारीं माणसें आपलें दुखणें बोलून दाखवीत नाहींत. तीं ताट गुपचूप गाईपुढें नेतात. म्हणून आमची वाचकांस एवढीच सूचना आहे कीं, दर महिन्याच्या पहिल्या तारखेस घरांतील वृद्धांचें वजन करून तें दिनदर्शिकेवर लिहावें, त्यांच्या ताटावर एकीनें तरी नेमानें लक्ष ठेवावें, आणि इस्पितळांत जाण्याची वेळ आलीच तर खाण्याच्या डब्याआधीं तो आंकडा वैद्याच्या हातीं द्यावा.