फाटकाजवळचा भोंगा

दोस्तांनो, आगगाडीत खिडकीजवळ बसलात की रुळांच्या कडेला एक पिवळी पाटी नक्की शोधा. तिच्यावर हिंदीत 'सी/फा' आणि इंग्रजीत 'डब्ल्यू/एल' लिहिलेलं असतं. सी म्हणजे सीटी, फा म्हणजे फाटक. पुढे ६०० मीटरवर रस्ता रूळ ओलांडतो आहे, शिट्टी वाजव, असा तो ड्रायव्हरला हुकूम. आता जरा गणित करा. गाडी तासाला १०० किलोमीटरने धावत असेल, तर एका सेकंदात ती जवळजवळ २८ मीटर जाते. म्हणजे पाटीपासून फाटकापर्यंत साधारण २१ सेकंद. तेवढा वेळ भोंगा चालू!

हे २१ सेकंद मी लहानपणी रोज मोजले आहेत. आमचं घर अकोल्यात, मुंबई-हावडा मार्गावरच्या एका फाटकाजवळ. या मार्गावर गाड्यांना रात्र नाही. एक मालगाडी गेली, की एक्स्प्रेस, ती गेली की पुन्हा मालगाडी. मावशी बडनेऱ्याला, तिथेही तेच. अमरावतीचे पाहुणे आले, की पहिल्या रात्री दचकून उठायचे आणि म्हणायचे, "काहून ओरडते बाप्पा ही गाडी?" त्यांचं बरं होतं. अमरावतीचं जुनं स्टेशन बडनेऱ्याहून निघालेल्या फाट्याच्या टोकाला, तिथे गाडी येते तीच दमून, हळूहळू.

ताईचं दहावीचं वर्ष होतं तेव्हा गल्लीतल्या मोठ्या माणसांनी ठरवलं, की रेल्वेला अर्ज करायचा: रात्री १० ते सकाळी ६ भोंगा बंद ठेवावा. माझं अक्षर बरं म्हणून लिहायचं काम माझ्याकडे आलं. मागणी काही वावगी नव्हती, बरं का. पुढे २००० साली आपल्या देशात ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले. त्यात रात्र म्हणजे १० ते ६ असंच धरलं आहे, आणि दवाखाने, शाळा, न्यायालयं यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र ठरवता येतं. झोप ही चैनीची वस्तू नाही. आजारी माणसाला विचारा, किंवा तान्ह्या बाळाच्या आईला.

अर्जावर सह्या गोळा करताना मी फाटकावरच्या काकांकडे गेलो. त्यांनी अर्ज शेवटपर्यंत वाचला, घडी घातली आणि मला म्हणाले, "बाबू, गाडीले काय हौस हाय का भोंगा वाजवाची? तू इथं बस घंटाभर. पाह्य फक्त."

मी बसलो. फाटक पडलं. घंटी वाजली. आणि मग काय पाहिलं! सायकली आडव्या करून दांड्याखालून ओढत होते. दुधाच्या कॅना घेऊन एकजण वाकून गेला. एक आजोबा हात वर करून, गाडी जणू बैलगाडी आहे अशा थाटात, चालत निघाले. आमच्या शाळेतली दोन पोरं तर शर्यत लावून पळाली. भोंगा वाजला तेव्हा ती रुळांच्या मधोमध होती. मला आजही त्यांची पाठीवर उडणारी दप्तरं दिसतात. "दिसली का?" काका म्हणाले. "थे भोंग्यानं पळाली. भरधाव मालगाडीले ब्रेक लावला तरी थे एकदम थांबत नाही."

खरंच थांबत नाही. हजारो टन वजन, आणि लोखंडाची चाकं लोखंडावर. भरधाव गाडीला थांबायला किलोमीटरभर जागा लागू शकते. भोंगा हाच ड्रायव्हरचा हात. तोही बांधला तर?

तर काय होतं, ते अमेरिकेत करून पाहिलेलं आहे. तिथल्या फ्लोरिडा राज्यात १९८४ पासून एका रेल्वेमार्गावरच्या गावांना रात्री भोंगा बंद करायची मुभा मिळाली. फाटकं होती, दिवे होते, घंट्याही होत्या. तरी त्या फाटकांवरचे रात्रीचे अपघात जवळजवळ तिप्पट झाले. १९९१ साली सरकारला तातडीचा हुकूम काढून भोंगे पुन्हा सुरू करावे लागले, आणि अपघात उतरले.

पण तिथे गोष्ट संपली नाही, म्हणून मला ती आवडते. २००५ मध्ये नवे नियम आले. गावाला शांतता हवी? जरूर. आधी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पूर्ण अडवणारी चार दांड्यांची फाटकं बसवा, नाहीतर मध्ये दुभाजक घाला, म्हणजे वळसा घालून कुणी शिरणार नाही. किंवा तो रस्ताच बंद करा. भोंग्याचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या आणि मग भोंगा बंद करा. त्यातही ड्रायव्हरला रुळावर माणूस दिसला, तर भोंगा वाजवायची मोकळीक आहेच.

आपल्याकडे शांततेचा रस्ता वेगळा आहे. उड्डाणपूल नाहीतर भुयारी रस्ता! रूळ खाली, रस्ता वर; फाटकच नाही, तर पिवळी पाटी कशाला? राखणदार नसलेली फाटकं आपल्या ब्रॉडगेजवरून २०१९ च्या जानेवारीपर्यंत काढून टाकली. राखणदार असलेली पुष्कळ आहेत अजून. आणि पूल बांधला तरी जिना चढायचा कंटाळा करून माणसं रुळांवरूनच जातात, हे तुम्ही पाहिलं असेलच. आमच्या भागात सगळ्याच गाड्या काही इतक्या घाईच्या नव्हत्या म्हणा. मूर्तिजापूरहून अचलपूरला आणि यवतमाळला जाणारी शकुंतला १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चाले. तिच्या गार्डकडेच तिकिटं मिळत, आणि तिच्या पुढून म्हैससुद्धा सावकाश निघून जाई. आता ती बंद आहे.

खांडव्याच्या मीटरगेज गाडीची गोष्ट वेगळी. ती मेळघाटच्या वाघांच्या जंगलातून जायची. २०१७ च्या सुरुवातीला ती थांबली आणि मोठी लाइन जंगलातूनच न्यायची की बाहेरून वळवायची, यावर मोठा वाद झाला. वाघ आणि अस्वलं कुठे अर्ज करणार? त्यांच्यासाठी माणसांनीच भांडावं लागलं.

आमच्या अर्जाचं काय झालं, ते सांगायचं राहिलंच. घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी दोन-चार शेजारी बोलावले, बरीच वादावादी झाली. एक काकू म्हणाल्या, "माह्या पोराचा जीव मोठा की माही झोप?" दुसरे म्हणाले, "अहो, पण रोजची झोपमोड किती दिवस सहन करायची?" दोघांचंही मला पटत होतं. शेवटी मी नवा कागद घेतला. भोंगा बंद करा, हे वाक्य गेलं नाही. ते तिसऱ्या क्रमांकावर गेलं. पहिल्यावर आलं, पायी जाणाऱ्यांसाठी रुळांखालून वाट द्या. दुसऱ्यावर, रुळांच्या दोन्ही बाजूंनी कुंपण घाला. खाली सत्तावीस सह्या झाल्या, आणि अठ्ठाविसावी त्या शर्यतवाल्या दोघांपैकी एकाच्या वडिलांची.