शेजारचा ट्रायपॉड

ऑगस्टमधल्या शनिवारी पहाटे टिप्सू लेकच्या काठावर ट्रायपॉड रोवायला जागा शोधणं म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी दादरच्या फुलबाजारात उभं राहायला जागा शोधणं. तळं लहान आणि काठ त्याहून अरुंद. समोर 14,410 फूट उंचीचा माउंट रेनिअर, भर उन्हाळ्यातही बर्फ पांघरलेला. सूर्य आपल्या पाठीमागून येतो. पहिला उजेड डोंगराच्या माथ्यावर पडतो, माथा गुलाबी होतो आणि तो रंग हळूहळू खाली उतरतो. वारा पडलेला असेल तर हे सगळं तळ्यात उलटं दिसतं. पायाशी लुपिनची जांभळी फुलं, पुढे पाणी, मग झाडं, मग डोंगर. वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यूहून दोन तास गाडी हाकत अंधारात पोचलेले आम्ही चौघं त्या रांगेत घुसतो. घरी येऊन कार्डं उघडली की चौघांकडेही तोच फोटो असतो. कुणाचा डोंगर बोटभर डावीकडे, कुणाचा उजवीकडे, एवढाच फरक.

यावर फोटोग्राफीतला नेहमीचा सल्ला असा की गर्दी टाळा, एकटे फिरा, म्हणजे स्वतःची नजर सापडेल. मला हा सल्ला कधी पटला नाही. एकटं फिरणाऱ्याला आपण काय पाहतो एवढंच ठाऊक असतं. शेजारचा काय पाहत नाही, हे कळायला शेजारी कुणीतरी असावं लागतं आणि आपलं काम नेमकं त्या फरकातून सुरू होतं.

हे मला पहिल्यांदा कळलं ते पलूसमध्ये. सांगली जिल्ह्यातलं नव्हे. वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व टोकाला त्याच नावाचा प्रदेश आहे. वाऱ्याने वाहून आणलेल्या मातीच्या टेकड्याच टेकड्या, आणि जूनमध्ये त्या सगळ्या हिरव्या. मधोमध 3,612 फुटांचा स्टेप्टो ब्यूट. माथ्यापर्यंत गाडी जाते, आणि सूर्य कलला की प्रत्येक टेकडीला सावलीची एकेक कड येते. लांब लेन्स लावून आम्ही तिघं त्या हिरव्या लाटा टिपत होतो. सोलापूरकडचा मित्र मात्र कॅमेरा बाजूला ठेवून पाहत बसला होता. थोड्या वेळाने म्हणाला, "तो खालचा हिरवा गव्हाचा न्हाई. मसूर हाय त्यो. आन् पलीकडं हरभरा." आम्ही पाहतच राहिलो. पलूस हा अमेरिकेतला मसुराचा मोठा पट्टा आहे, हे नंतर वाचून आम्हालाही कळलं. त्याला ते रंगावरून कळलं होतं. गव्हाचा हिरवा वाऱ्याबरोबर चमकतो, मसुराचा बसका आणि निळसर असतो. मग तो म्हणाला, "यांच्या रानाला बांधच न्हाई." बांधावरून तीन पिढ्या कोर्टात गेलेल्या घरातला तो माणूस. त्या संध्याकाळपासून त्याने शेतांच्या कडांचे फोटो काढायला घेतले. एक पीक जिथे संपतं आणि दुसरं सुरू होतं ती रेघ, नांगराचं वळण, धान्याच्या कोठाराकडे जाणारी चाकोरी. आमच्या फोटोंत तो प्रदेश सुंदर दिसतो. त्याच्या फोटोंत तो कसलेला दिसतो.

नाशिकची मैत्रीण वास्तुविशारद आहे. स्नोक्वाल्मी धबधब्यावर, 268 फुटांवरून पडणाऱ्या पाण्यासमोर, आम्ही उजेड अडवणारा एनडी फिल्टर चढवून पाण्याचं दूध करत होतो आणि दर दोन मिनिटांनी लेन्सवरचे तुषार पुसत होतो. तिने धबधब्याकडे पाठ केली होती. कारण इथलं वीजघर. 1899 मध्ये सुरू झालेलं हे वीजघर धबधब्यामागच्या कातळात खोदून जमिनीखाली बसवलेलं आहे. खाली जाता येत नाही, पण वर जे काही लोखंड, वीट आणि नळ दिसतात ते तिला पुरले. पुढे ती बेलव्ह्यूतल्या विल्बर्टनच्या जुन्या लाकडी रेल्वेपुलाकडे वळली. 1904 चा हा पूल, त्याचे डांबरलेले खांब खालून पाहिले की देवळाच्या सभामंडपात उभं राहिल्यासारखं वाटतं, असं ती म्हणते. मला तसं वाटत नाही. म्हणूनच तो विषय तिचा आहे.

माझा विषय मला तिनेच दाखवला, तोही कुरकुरत. सहलीला तिचे सासू-सासरे बरोबर असायचे. एकदा माझं कार्ड चाळताना ती म्हणाली, "तुझ्या कार्डात डोंगर कमी आणि माझे सासू-सासरे जास्त आहेत गं." खरं होतं. रेनिअरवरच्या पॅरडाइजला बर्फात उभे राहून आप्पा घड्याळात भारतातली वेळ बघताहेत. काकू थर्मासचं झाकण उघडताना समोरच्या हिमनदीला पाठ करून बसल्या आहेत. मी ते गमतीगमतीत टिपलं होतं. तिने ते मोजलं.

बेलव्ह्यूत हा विषय शोधायला जावं लागत नाही. या शहरातली दर पाचांपैकी सुमारे दोन माणसं परदेशात जन्मलेली आहेत. एप्रिल उजाडला की पुणे, सांगली, नागपूरहून आई-वडील यायला लागतात. व्हिजिटर व्हिसावर साधारणपणे सहा महिने राहता येतं, म्हणजे थंडी पडायच्या आत परत. मुलं कामावर गेली की ही मंडळी डाउनटाउन पार्कात येतात. 21 एकरांची बाग, मध्ये हिरवळ, भोवती पाण्याचा कालवा आणि त्याच्या कडेने अर्ध्या मैलाची गोल पायवाट. ते वर्तुळही वर्षानुवर्षं अपुरं होतं, 2017 मध्ये पूर्ण झालं. साडी, त्यावर मुलाचं जॅकेट, पायात पांढरे स्पोर्ट्स शूज. ही वेशभूषा आता या बागेची इतकी ओळखीची झाली आहे की कुणी वळून पाहत नाही.

मी स्वतःला एक नियम घातला आहे. माणसाबरोबर एक पूर्ण फेरी मारल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढायचा नाही. फेरीला पंधराएक मिनिटं लागतात. तेवढ्यात नोकरी, बदल्या, बढती, घराचं कर्ज, मुलाचं शिक्षण आणि निवृत्ती एवढं सगळं आटोपतं. दुसऱ्या फेरीला माणूस गप्प होतो आणि त्याचा चेहरा त्याचा स्वतःचा होतो. मग विचारायचं.

"काकू, फोटो काढू का?"

"आत्ता? अगं, या बुटांत?"

"बुटांसकटच हवाय."

"नको बाई. गावी म्हणतील, हिला अमेरिकेत चपला मिळेनात."

त्या हसतात, तेवढ्यात फोटो होतो. प्रिंट त्यांना नेऊन द्यायची, फोनवर पाठवायची नाही. कागद बॅगेत कपड्यांच्या घडीत बसतो आणि मिरजेच्या घरी भिंतीवर लागतो.

इथला उजेड या कामाला फार चांगला आहे, फक्त त्याला ओळखावं लागतं. पॅसिफिकच्या बाजूने ढग येतात आणि दिवसच्या दिवस हलत नाहीत. पाऊस मुंबईच्या निम्म्यानेही पडत नाही, पण आभाळ झाकलेलं असतं. असा उजेड चेहऱ्यावर कडक सावली पाडत नाही. मात्र तो थेट वरून येतो, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. म्हातारपणी त्या आधीच खोल असतात. म्हणून मी माणसाला मोठ्या झाडाच्या पानोळ्याखाली, पण कडेला, पाण्याकडे तोंड करून उभं करते. वरचा उजेड अडतो, समोरून येतो आणि डोळे उघडतात. दुसरी अडचण एक्स्पोजरची. कॅमेऱ्याचं मीटर जे दिसेल त्याला मध्यम करड्यावर आणू पाहतं. पांढरीशुभ्र टोपी आणि सावळा चेहरा एकत्र आले की ते टोपीचं ऐकतं. मी चेहऱ्याचं ऐकते, टोपी थोडी उजळली तरी चालते. लेन्स 35 मिमीची. लांबच्या लेन्सने पार्श्वभूमी मस्त पुसली जाते, पण मग बोलायला ओरडावं लागतं.

डिसेंबरमध्ये साडेचारच्या आत सूर्य बुडतो. तेव्हा मुक्काम वाढवलेली थोडी मंडळी क्रॉसरोड्स मॉलमध्ये भेटतात. तिथे जमिनीवर आखलेला बुद्धिबळाचा अवाढव्य पट आहे, मोहरे दोन हातांनी उचलावे लागतात. तिथे रशियन आजोबांशी डाव मांडलेल्या आपल्या आजोबांना मध्येच बोलवायची हिंमत माझ्यात नाही. तिथले फोटो न विचारता सुरू होतात आणि डाव संपल्यावर विचारून ठेवले किंवा पुसले जातात.

चार जणांनी मिळून फिरायचं आणि प्रत्येकाने वेगळं काही शोधायचं, ही पद्धत आम्ही शोधलेली नाही. शेजारच्या सिअॅटलमध्ये 1924 साली जपानी स्थलांतरितांनी सिअॅटल कॅमेरा क्लब काढला. त्यांतले डॉ. क्यो कोइके पेशाने वैद्य होते आणि इवाओ मात्सुशितांसारख्या मित्रांबरोबर रेनिअरवर जात. क्लबचं ‘नोटान’ नावाचं पत्र जपानी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत निघे. क्लब जपानी लोकांपुरता राहिला नाही. गिर्यारोहक आणि स्टुडिओ चालवणाऱ्या एला मॅकब्राइड त्यात आल्या. त्यांची कामं शेजारी शेजारी ठेवली की मला माझ्या म्हणण्याला आधार मिळतो. कोइकेंचे डोंगर, धुकं आणि झाडं, फ्रँक कुनिशिगेंची माणसं, हिरोमू किरांची काच आणि घडीच्या कागदाचे पक्षी, मॅकब्राइडबाईंची फुलं. क्लब तोच, वर्षं तीच, आणि विषय मात्र चौघांचे चार. क्लब 1929 मध्ये बंद झाला. पर्ल हार्बरनंतर जपानी नागरिकांना कॅमेरे जमा करावे लागले आणि 1942 मध्ये कोइके आयडाहोतल्या मिनिडोकाच्या छावणीत गेले. त्याच वर्षी बेलव्ह्यूतली स्ट्रॉबेरी पिकवणारी जपानी कुटुंबंही इथून उठवली गेली. कोइके 1947 मध्ये वारले. त्यांचं काम मात्सुशितांनी जपलं आणि ते आज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. ज्याच्याबरोबर फिरलो त्यानेच आपली चित्रं सांभाळली, यापेक्षा मोठं बक्षीस कुठल्या प्रदर्शनात मिळतं, मला माहीत नाही.

आपल्याकडे ही चाल त्याहूनही जुनी. 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली तेव्हा डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते. दोघंही ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले. पेशा एक, हौस दुसरी, आणि हौसेला मंडळी हवीत, हे त्यांनाही कळलं होतं.

आमच्या मंडळाला नाव नाही, नियम मात्र आहेत. सहलीनंतर प्रत्येकाने दहा प्रिंट आणायच्या, साध्या पोस्टकार्ड आकाराच्या. स्क्रीनवर दाखवायचं नाही, कारण स्क्रीनवर जो तो फोटो मोठा करून केसांची धार बघत बसतो. टेबलावर पत्त्यांसारख्या मांडल्या की कुठली प्रिंट कुठलीची नक्कल आहे ते लगेच दिसतं. तीन ठेवायच्या, सात काढायच्या. काढायचं काम इतर तिघांचं, काढणाऱ्याने कारण सांगायचं आणि ज्याचे फोटो त्याने तोंड उघडायचं नाही. धपाटे आणि दही संपेपर्यंत हे चालतं.

यात सगळ्यात मोठा वाद झाला तो आमच्यातल्या चौथ्याच्या, ठाणेकराच्या, एका फोटोवरून. डाउनटाउन पार्कात बाकावर बसलेले एक आजोबा, पाठमोरे, समोर पाणी, कृष्णधवल. बघताक्षणी ‘परदेशातला एकाकी बाप’. मी ती प्रिंट काढली. कारण सांगितलं की त्या दिवशी मी तिथेच होते. आजोबा दोन मिनिटांपूर्वी गावच्या भावाशी फोनवर जमिनीच्या मोजणीवरून कडाकडा भांडले होते आणि जिंकून बसले होते. त्यांचं एकाकीपण पाठीमागून फोटो काढल्यामुळे आणि रंग काढून टाकल्यामुळे आलेलं होतं. ठाणेकर नियम मोडून बोललाच. फोटो म्हणजे पंचनामा नव्हे, माणसाचं बसणंही काही सांगतं, ते त्याला स्वतःला ठाऊक असलंच पाहिजे असं नाही. दोघंही हटेनात. आमच्या नियमांत वर्षाला एक ‘हट्ट’ आहे, तिघांनी काढलेला फोटो परत ठेवायचा. त्याने आपला हट्ट त्या फोटोवर खर्च केला.

मी अजूनही त्या फोटोशी सहमत नाही. पण त्यानंतर मी आजोबांना पाठमोरं टिपायचं टाळते आणि ते समोरून काय करताहेत हे पाहून घेते. कुणी पावलं मोजणाऱ्या फोनवर संशय घेऊन स्वतः मोजतं, कुणी बदकांना मराठीत दटावतं. ठाणेकर मात्र लोकांच्या पाठी, बसण्याच्या तऱ्हा, खांद्यांचे उतार असंच जमवत चालला आहे. भांडणातून त्याचाही विषय निघाला.

इथे नव्याने आलेली मुलं पहिला पगार झाला की विचारतात, "ताई, कॅमेरा कुठला घेऊ?" मी सांगते, परवडेल तो घे आणि ट्रायपॉड जरा जड घे. त्याआधी बरोबर फिरायला दोन-चार माणसं जमव. त्यातला एक तरी असा हवा, जो तुझ्या सगळ्यात आवडत्या फोटोवर बोट ठेवून म्हणेल, "हा काढ," आणि का ते सांगेल.