पहिली पंगत

मी घोटीला भाताच्या गिरणीत पोती वाहतो. घर हरसूलला. शाळा आठवीत सुटली. बजेट हा शब्द पेपरात वाचला, पण त्याचा अर्थ आधीच ठाऊक होता. बजेट म्हणजे गावची पंगत. आधी कुणी बसायचं आणि पातेल्याचा तळ कुणी खरवडायचा, हे वाढण्याआधीच ठरलेलं.

माझी माय दसऱ्याच्या सुमारास दिंडोरीकडं द्राक्षबागेत मजुरीला जाते. छाटणी झाली की काडीला पेस्ट लावायची. हायड्रोजन सायनामाइड त्या औषधाचं नाव. मागच्या साली तिच्या बोटांची सालटी निघाली. मालक म्हणाला, हातमोजे घरून आणायचे.

२००३ साली युरोपात भारताच्या द्राक्षांत औषधाचा अंश सापडला. सरकार खडबडून जागं झालं. २००६ ला 'ग्रेपनेट' उभं राहिलं. तिकडं जाणाऱ्या मालाच्या बागेची नोंद, प्रयोगशाळेत तपासणी, मग दाखला. चांगलंच झालं. म्हणजे पैसा आहे, यंत्र आहे, अक्कलही आहे. सवाल एवढाच, ती कुणाच्या पोटासाठी धावते? घड तपासला जातो, मायची बोटं नाही.

आता आमचा डोंगर बघा. आदिवासी भाऊ उतारावर राब भाजून नागली-वरई पिकवतात. पावसाळ्यात पाणी धो धो वाहून जातं, उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन झिऱ्यावर. २०२३ हे भरडधान्याचं वर्ष झालं. दिल्लीनं त्याला 'श्रीअन्न' म्हटलं. नाव संस्कृत झालं, पण हमीभावाच्या यादीत वरई अजून नाही. नागली आहे, २०२५-२६ ला क्विंटलला ४,८८६ रुपये. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात भरडधान्य लिहिलंय, तरी मायच्या रेशनच्या पिशवीत तांदूळ-गहूच.

मित्रांनो, हे आपल्याला नवं नाही. आपल्या नाशिकचे दादासाहेब गायकवाड १९६४ साली भूमिहीनांचा सत्याग्रह घेऊन उठले. पडीक जमीन, धान्याचं नीट वाटप, किमान मजुरी, सगळ्या मागण्या एकाच कागदावर होत्या. आपण जयंतीला रात्रभर जागतो आणि बजेटच्या दिवशी झोपतो.

मागणी सरळ ठेवा. डोंगरावर पाणी अडवायला पैसा आधी. वरईला हमीभाव, नागली रेशनवर. आणि बागेला दाखला देताना मजुराचे हातही बघा.

माय यंदाही जाईल. हातमोजे मी घोटीच्या बाजारातून घेतलेत. हे माझं बजेट झालं. सरकारचं कुठंय?