पोस्टमास्तरांचें मंडळ

मराठी माणूस मंडळ काढावयास निघाला कीं प्रथम अध्यक्ष, चिटणीस व खजिनदार नेमतो, आणि मंडळानें करावयाचें काय याचा विचार मागाहून करतो, असा माझा आजवरचा अनुभव आहे. वाचनालयांपासून सहकारी गृहसंस्थांपर्यंत पन्नाशी उलटेपावेतों मी हेंच पाहत आलों. वाशीस एका शिकवणीवर्गाच्या उसन्या खोलींत महिन्यांतून एका शनिवारीं भरणारें एक मंडळ पाहिलें, तेव्हां म्हणूनच मला मोठें नवल वाटलें. त्याला अध्यक्ष नाहीं, वर्गणी नाहीं, घटना नाहीं. फार काय, धड नांवहि नाहीं. जमणारे लोक आपापल्या कचेरींतील ई-मेलचे सर्व्हर सांभाळणारे.

ई-मेल कोणाला तरी सांभाळावी लागते हेंच आपणांपैकीं बहुतेकांस ठाऊक नसतें. पत्र वाऱ्यावर बसून जातें अशी आपली समजूत. वस्तुतः एका संस्थेचा सर्व्हर दुसऱ्या संस्थेच्या सर्व्हरच्या दारीं जातो, नमस्कार करून आपलें नांव सांगतो, पत्र कोणाचें व कोणाला तें सांगतो, आणि परवानगी मिळाली तरच तें आंत देतो. दार बंद असेल तर पत्र रांगेंत ठेवून पुनःपुन्हां फेऱ्या घालतो. चार-पांच दिवसांनींहि दार उघडलें नाहीं, तर तें धन्याकडे परत. परत येणाऱ्या या निरोपावर पाठविणाराची जागा मुद्दाम कोरी ठेवतात. नाहीं तर तोहि न पोंचल्यास त्याच्या परतीचा निरोप, मग त्याच्याहि परतीचा, असा खेळ कल्पांतापर्यंत चालावयाचा. ज्यानें ही युक्ति योजिली त्याला कौटुंबिक भांडणांचा चांगला अनुभव असला पाहिजे.

या व्यवहाराचे नियम १९८२ सालीं अमेरिकेंत लिहिले गेले. त्यांच्या एका भागाच्या संपादकाचें आडनांव पोस्टेल होतें. हा विनोद नव्हे. त्या नियमांत एक कलम मला फार आवडतें. एखाद्या ठिकाणीं आपल्या ओळखीचें कोणीहि नसलें, तरी तेथें पत्र लिहितां यावें, म्हणून प्रत्येक ठिकाणीं 'पोस्टमास्टर' या नांवाचा एक पत्ता असलाच पाहिजे, असें तें कलम सांगतें. परक्या गांवच्या वेशीवर उभें राहून हांक मारली, तर 'ओ' देणारा एक तरी मनुष्य असावा, एवढीच त्यांतली अपेक्षा. वाशीच्या खोलींत जमणारे ते हे पोस्टमास्तर.

त्यांची माझी गांठ पडली ती आमच्या कॉलेजवरील एका संकटामुळें. एका विद्यार्थिनीचें शिफारसपत्र परदेशच्या विद्यापीठाला जावयाचें होतें; मुदतीचे दोन दिवस उरले होते; आणि पत्र परत आलें. आमच्या संगणक विभागांतील साहाय्यक धांवत आला. "सर, आपल्या सर्व्हरचा नंबर काळ्या यादींत गेला आहे." प्रयोगशाळेंतील एका यंत्रांत कोणा भामट्यानें शिरकाव करून आमच्या नांवानें रात्रभर भलतींसलतीं पत्रें जगभर पाठविलीं होतीं, आणि जगानें आमच्याशीं बोलणें टाकलें होतें. साहाय्यकानें महापे येथील एका कंपनींतील कोणास फोन केला. ते गृहस्थ आपली पाळी संपवून रात्रीं दहाला आले, सर्व्हरची नोंदवही ओळींओळींनें वाचीत दोन वाजेपर्यंत बसले, चोर यंत्र हुडकून त्याची तार उपटली, आणि यादीकर्त्यांकडे आमची रदबदली करणारा अर्ज साहाय्यकाकडून लिहवून घेतला. दुसरे दिवशीं दुपारीं पत्र गेलें. त्यांनीं घेतलें काय, तर दोन कप चहा. मुलीला प्रवेश मिळाला कीं नाहीं हा येथें प्रश्न नाहीं, मिळाला.

पुढच्या शनिवारीं साहाय्यकाबरोबर मीहि गेलों. एकमेकींच्या गिऱ्हाइकांवर टपलेल्या कंपन्यांचे नोकर तेथें एका बाकावर बसून बटाटेवडा खात होते. आमच्या प्राध्यापकी परिषदांत प्रत्येकजण आपलें यश सांगतो. येथें प्रत्येकजण आपली फजिती सांगत होता, आणि बाकीचे ती वहींत उतरून घेत होते. परिषदांना जाऊन जितकें शिकलों, त्याहून अधिक त्या दोन तासांत शिकलों, असें म्हटलें तर सहकाऱ्यांनीं रागावूं नये.

या शेजारधर्माला कारणहि आहे. पोस्टफिक्ससारखीं सॉफ्टवेअरें या लोकांना फुकट मिळतात. तें एक व्हीट्से व्हेनेमा नामक डच विद्वानानें लिहून १९९८ सालीं जगाला देऊन टाकलें. जेथें दुकानदार नाहीं तेथें अडल्यावेळीं शेजारीच गांठावा लागतो. लिनक्स वापरणारांचीं अशींच मंडळें मुंबईंत व पुण्यांत याच रीतीनें वाढलीं. त्याहि आधीं, १९८७ च्या सुमारास, जुहूची नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था आणि पवईची आय. आय. टी. यांच्यामध्यें टेलिफोनच्या तारेवरून ई-मेल जाऊं लागली होती. सामान्य माणसाला इंटरनेट मिळालें तें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं. ती जुहूची संस्था पुढें सी-डॅकमध्यें विलीन झाली, आणि सी-डॅकचें एक केंद्र आज आमच्या खारघर स्टेशनासमोर आहे. सिडकोनें हें शहर वसविलें तेंहि 'नोड' नांवाच्या तुकड्यांनीं; संगणकवाले आपल्या जाळ्यांतील यंत्राला हाच शब्द वापरतात.

आतां मात्र त्या खोलींतील बाकें रिकामीं पडूं लागलीं आहेत. कचेऱ्यांनीं आपली टपाल गूगल, मायक्रोसॉफ्ट अशा दोन-चार मोठ्या घरांच्या हवालीं केली. आमच्या कॉलेजनेंहि केली. त्यांत खर्च कमी, जाग्रणें कमी. मी त्याला चूक म्हणत नाहीं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनीं मोठ्या संख्येनें पत्रें पाठविणारांस ओळख पटविणाऱ्या खुणा सक्तीच्या केल्या. भामट्यांचा सुळसुळाट पाहतां तेंहि योग्यच. परंतु महाप्याचे ते गृहस्थ रात्रीं दहाला आले ते कोणत्या करारानें? मोठ्या घराशीं आमचा करार आहे. त्यांत उत्तर किती तासांत मिळेल तें लिहिलें आहे, उत्तर कोण देईल तें नाहीं.

मागच्या बैठकींत एका जुन्या सभासदानें आपला एक उद्योग सांगितला. वर्षानुवर्षें ज्यांच्याशीं व्यवहार झाला अशा संस्थांच्या पोस्टमास्टरांस त्यानें एकाच ओळीचें पत्र धाडलें होतें : "आपण आहांत काय?" पुष्कळ पत्रें परत आलीं. कांहीं ठिकाणांहून यंत्रानें तक्रारीचा क्रमांक धाडला. तिसरे दिवशीं ठाण्याच्या एका लहानशा कारखान्यांतून जबाब आला, "आहें. काय काम होतें?" खालीं नांव होतें, आणि टेलिफोनचा नंबर.