बत्तीस जणांना फोन कोण करणार?

थोडं लांबलंय, पण वेळ काढून वाचा. विशेषतः मेडिकल कॉलेजांत काम करणाऱ्यांनी.

गेली चार वर्षं मी आमच्या कॉलेजात एक छोटी योजना सांभाळतोय. तरुण डॉक्टर आणि नर्सना वॉर्डात पडलेल्या एखाद्या प्रश्नावर काम करायला वर्षभरासाठी जास्तीत जास्त दोन लाख रुपये. पायलट ग्रँट म्हणतात याला. शेतकरी नवं बियाणं आधी दोन वाफ्यांत लावून बघतो, तसंच. मोठा अभ्यास जमेल का, अडचण कुठे येईल, हे थोडक्यात बघून घ्यायचं.

पहिल्याच वर्षी मेडिसिन विभागातल्या एका ज्युनियर डॉक्टरचा अर्ज आला. घोणस चावली की अनेकांच्या किडनीला मार बसतो. काहींना डायलिसिस लागतं, मग बरे होऊन घरी जातात. तिचा प्रश्न साधा होता: घरी गेल्यावर त्यांच्या किडनीचं पुढे काय होतं? तीन महिन्यांनी बोलावून रक्त तपासायचं, एवढंच.

प्रश्न छोटा नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. बहुतेक खेड्यातली. वाचलेल्यांचा हिशोब तर कुणी फारसा ठेवतच नाही.

तिने ४१ रुग्ण नोंदवले. पहिल्या पंधरा जणांची तारीख आली, त्यातले दोघे आले. तिने बाकीच्यांना फोन लावले. उत्तर जवळपास एकच: "बाई, आता बरं हाय मला. कांद्याची लागण चालूय. एक दिस बुडवला तर मजुरी जाते, वर एसटीचं भाडं."

ती माझ्याकडे आली. "सर, किटचे २२ हजार उरतायत. त्यातून यांना भाडं आणि बुडालेली मजुरी देऊ या." एथिक्स कमिटीची हरकत नव्हती. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी देता येते. अडलं ते अकाउंट्समध्ये. किटचा हेड वेगळा, प्रवासाचा वेगळा. जानेवारी संपत आला होता, ३१ मार्चच्या आत सगळी बिलं हवी होती. मी फाइलवर लिहिलं, "पुढील वर्षी विचार करावा," आणि सही केली.

मला कुणी भाग पाडलं नव्हतं. डीनच्या केबिनपर्यंत चालत जायला दोन मिनिटं लागतात. मी गेलो नाही.

वर्षअखेर ४१ पैकी ९ जण आले होते. त्यातल्या दोघांचं क्रिएटिनिन वाढलेलं होतं आणि दोघांनाही पत्ता नव्हता. तिने २२ हजार परत केले. मी शेरा मारला: "उद्दिष्ट अपूर्ण." त्याच वर्षी दुसऱ्या एकाने विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली, त्यावर पेपर छापून आणला. वार्षिक समारंभात मी त्याचाच फोटो दाखवला. बढतीला पेपर लागतात, मग समितीही पेपरच मोजते.

दोन वर्षांनी जुने अहवाल चाळताना तिचा पुन्हा वाचला. मोठा अभ्यास कसा करायचा, हे पाचांपैकी फक्त तिच्याच अहवालात होतं: रुग्णाला बोलावू नका, उपकेंद्रावर जाऊन रक्त घ्या. पायलट ज्यासाठी असतो ते काम तिने चोख केलं होतं. मी फोन केला. ती तोवर नोकरी सोडून खासगी रुग्णालयात गेली होती. म्हणाली, "सर, ते बत्तीस जण राहिलेत. त्यांना निदान फोन तरी करा."

केले. एकोणीस लागले. एक फोन बायकोने उचलला. तो वर्षभरापूर्वी वारला होता. कशाने, ते तिला कुणी नीट सांगितलं नव्हतं. किडनीनेच गेला असं मी म्हणणार नाही. पण तीन महिन्यांनी रक्त तपासलं असतं, तर आज काहीतरी सांगता आलं असतं.

आता नियम बदललेत. प्रत्येक अर्जात रुग्णाचं भाडं आणि मजुरी हा हेड सक्तीचा. एक चतुर्थांश रक्कम संशोधक साध्या पत्राने फिरवू शकतो. वर्ष १ एप्रिलला नाही, एथिक्सची मंजुरी मिळेल त्या दिवशी सुरू होतं. अहवालात पहिला प्रश्न: काय जमलं नाही, आणि का? पैसा कॉलेजचाच होता, त्यामुळे हे सगळं पहिल्या दिवशीही करता आलं असतं.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं स्वस्त औषध वापरून दाखवलं आणि जीव वाचले. त्यांचा प्रश्न रुग्णाच्या खाटेजवळ सुरू झाला होता. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा केला, तेव्हा पाच वर्षांत ५० हजार कोटींची भाषा झाली. जरूर यावेत. पण त्यातले दोन लाख जेव्हा एखाद्या ज्युनियर डॉक्टरच्या हातात पडतील, तेव्हा त्यातून एसटीचं तिकीट काढता येईल का, हेही कुणीतरी विचारा.

तुमच्या कॉलेजात अशी समिती असेल तर मागच्या वर्षीच्या "अपूर्ण" शेऱ्याच्या फायली एकदा काढून वाचा. काय सापडलं ते इथे लिहा. माझं चुकत असेल तर तेही लिहा.