सुवर्णदुर्गाहून परततांना

गेल्या कार्तिकांत आम्ही घरचीं नऊ माणसें हर्णैस गेलों होतों. आमच्या आत्याबाईंचें वय शहात्तर. सुवर्णदुर्ग पाहिल्यावांचून परतावयाचें नाहीं, असा त्यांचा हट्ट. आणि त्यांच्या हट्टापुढें आमच्या घरांत कोणाचें चालत नाहीं. हर्णैच्या किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड व गोवा असे तीन लहान किल्ले असून समोर समुद्रांत सुवर्णदुर्ग उभा आहे. मधला पाण्याचा पट्टा अरुंद आहे. महाद्वाराच्या पायरीवर कासव कोरलेलें आहे, व जवळच भिंतीवर मारुति. इ. स. १७५५ मध्यें इंग्रजी आरमारानें पेशव्यांशीं सख्य करून हा दुर्ग तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, ही हकीकत आमच्या थोरल्या बंधूंनीं तटावर बसून मुलांस सांगितली. परंतु त्या दिवशींचा खरा धडा आम्हांस किल्ल्यावर नव्हे, तर परतीच्या होडींत मिळाला.

होडी लहान होती, व तिच्या मागच्या फळीवर अडकविलेलें यंत्र पंचवीसेक वर्षांचें जुनें होतें. यंत्र होडीच्या पोटांत नसून बाहेर असतें, म्हणून त्यास आउटबोर्ड म्हणतात. त्याची दांडी डावी-उजवीकडे केली कीं होडी वळते, आणि दांडीच्या टोंकाची मूठ पिळली कीं वेग वाढतो किंवा उतरतो. जातांनाच आमच्या ध्यानांत आलें होतें कीं तांडेलांचा पुतण्या ती मूठ दोन्ही हातांनीं पिळीत आहे. विचारल्यावर तो म्हणाला, "कार्बुरेटरांत कचरा बसतो. कालच साफ केला, तरी तेंच."

परत निघालों तेव्हां सूर्य टेंकला होता व ओहोटी लागली होती. अर्ध्या वाटेवर वेग वाढविण्यासाठीं पुतण्यानें मूठ जोरानें पिळली, तों ती एकाएकीं अगदीं सैल झाली. कितीही फिरविली तरी यंत्र आपलें संथच. पाण्याची ओढ आम्हांस खडपांकडे नेऊं लागली. मुलें गप्प झालीं. सौ. वहिनींनीं धाकट्यास जवळ ओढून त्याच्या लाइफ जाकिटाचे बंद पुन्हां आवळले. थोरले बंधू म्हणाले, "तांडेल, झांकण काढा, आंतला खटका मी हातानें धरून ठेवतों. पांच मिनिटांचें तर काम!"

तांडेल उठले, त्यांनीं यंत्र बंद केलें व नांगर टाकला. मग म्हणाले, "नको, काका. आंत चाक फिरत असतं. धोतराचा सोगा गेला, तर हातही जाईल. अन् एकदम वेग सुटला, तर ही पोरं पाण्यांत."

नांगर धरला आहे अशी खात्री करून मगच त्यांनीं झांकण काढलें. पुतण्या लगेच कार्बुरेटरकडे वळला. त्याचा हात धरून तांडेल म्हणाले, "आधीं अर्धी वाट तपास."

ती वाट अशी. मूठ फिरली कीं दांडींतून आलेली तार ओढली जाते. तार यंत्रावरील एक खटका हलविते. तो खटका ठिणगीची वेळ पुढें सारतो, आणि एका लहान सळईनें कार्बुरेटरचा पडदा उघडतो. तांडेलांनीं प्रथम तो खटका बोटानें हलविला. तो सहज हलला व सोडतांच जागेवर आला. म्हणजे पुढची वाट मोकळी होती. मग मूठ फिरविली; खटका जागचा हलेना. म्हणजे दोष मधल्या तारेंत! पाहतात तों तारेचें टोंक खटक्यावरून निसटलेलें. पावसाळाभर होडी किनाऱ्यावर ओढून ठेवली होती; त्या काळांत खाऱ्या हवेनें तार नळींतल्या नळींत गंजून जड झाली होती. मूठ जड लागते म्हणून ती रेटली, आणि रेटल्यामुळें टोंक सुटलें. बिचाऱ्या कार्बुरेटरचा यांत कांहींच अपराध नव्हता.

मुठीवर वेग रोखून धरणारा एक स्क्रू असतो. तो आवळला गेला तरी मूठ जड होते, म्हणून तांडेलांनीं तोहि तपासला. तो सैलच होता. मग त्यांनीं नळीच्या तोंडाशीं तेल सोडून तार वीसएक वेळां मागेंपुढें केली, टोंक पुन्हां खटक्यावर बसविलें, आणि मूठ मिटतांच खटका पूर्ण मागें येतो कीं नाहीं हें दोनदां पाहिलें. झांकण लावून, न्यूट्रलमध्यें यंत्र सुरू करून, वेग चढतो व उतरतो हें पाहिल्यावरच नांगर उचलला. किनारा लागला तेव्हां कनकदुर्गावरचा दीप लागला होता.

उतरतांना बंधूंनीं त्यांच्या हातावर ठरल्यापेक्षां अधिक पैसे ठेवले. जास्तीचे परत देत तांडेल म्हणाले, "उद्यां येऊं नका. नवी तार बसल्याशिवाय होडी निघायची नाहीं." दुसऱ्या दिवशीं रविवार होता, किनाऱ्यावर गर्दी, हंगामांतला कमाईचा दिवस. पुतण्याचें तोंड उतरलें. "तेल घातलंय ना? आजच्यासारखी चालेल कीं," तो पुटपुटला. तांडेलांनीं उत्तर दिलें नाहीं. यंत्र सोडवून खांद्यावर घेतलें व ते वाळूंतून चालूं लागले. क्षणभरानें पुतण्याहि पान्ह्यांची पिशवी घेऊन मागोमाग गेला.

रात्रीं जेवतांना त्या गोष्टीखेरीज दुसरा विषय नव्हता. आत्याबाई इतकेंच म्हणाल्या, "आपल्या घरींहि असेंच होतें रे. माजघरांतला निरोप ओटीवर पोंचला नाहीं, कीं आपण ओटीवरच्या माणसावर रागावतों. मधें निरोप कोठें अडकला, तें कोणी पाहत नाहीं."

यावर थोरले बंधू हंसले खरे. पण वहिनींकडे पाहून नव्हे, ताटाकडे पाहून.